यादीतला माणूस

"उजवा हात दाखवा," विमा कंपनीचा साहेब म्हणाला.

लंबूने चहाचा कप डाव्या हातात घेतला आणि उजवा पुढे केला. साहेबाने तो उलटा केला, सुलटा केला, बोटं मोजली. पाचच्या पाच. मग त्याने फाईल उघडून वाचलं, "दोन वर्षांपूर्वी, फळांचा कारखाना, रस काढायच्या यंत्रात सापडून उजवा हात मनगटापासून गेला. भरपाई पूर्ण दिली." त्याने चष्म्यावरून पाहिलं. "हात तर जागच्या जागी आहे. आज तुम्ही पायाचे पैसे मागताय. मग तेव्हा आम्ही हात कुणाचा भरून दिला?"

दवाखान्याच्या त्या कॉटवर चादर डाव्या गुडघ्याखाली सपाट पडली होती. उशाशी लंबूची बायको उभी होती. पायथ्याशी कारखान्याचा कारकून. साहेबाच्या प्रश्नाचं उत्तर तिघांनाही ठाऊक होतं.

तो हात बायकोच्या धाकट्या भावाचा. मेहुण्याला हंगामी कामावर लंबूनेच आणलं होतं. कारखान्याची रीत अशी, की हंगामी माणूस आठ दिवस टिकला तरच त्याचं नाव विम्याच्या यादीत जायचं. पहिल्या आठवड्यात निम्मे पळून जातात, त्यांचा हप्ता फुकट का भरायचा, असं मालकाचं म्हणणं. मेहुणा तिसऱ्याच दिवशी यंत्रात सापडला. मालक म्हणाला, यादीत नाही तर माझा काय संबंध. कारकून पडला पापभीरू. समोर कुणी रडलं की याच्याच डोळ्यांना धार लागायची. तेव्हा लंबूच पुढे झाला होता. "भाऊसाहेब, माझं नाव लावा की. नऊ वर्षं यादीत आहे मी, एकदाही कामी आलं नाही. नाव दिल्यानं मी काय झिजणार आहे?"

कारकुनाने देवाचं नाव घेतलं आणि लंबूचं नाव लिहिलं. आलेले पैसे कारकुनाच्याच सहीने मेहुण्याला मिळाले. मेहुण्याने किराणा दुकान टाकलं, लग्न केलं, घरात पाळणा हलला. त्या दुकानावरून जाताना कारकुनाला दर वेळी वाटायचं, चला, जन्माला येऊन एक तरी बरं काम झालं आपल्या हातून.

एवढं करून तो एक गोष्ट विसरला. दर हंगामाला तो गेल्या वर्षीचीच यादी उतरवून काढायचा आणि पाठवून द्यायचा. तिच्यात लंबूचं नाव पहिलं. हात गेलेला माणूस पुन्हा पेट्या उचलायला कसा आला, हे ना त्याच्या ध्यानात आलं, ना कंपनीच्या. गेल्या आठवड्यात पेट्यांची थप्पी लंबूच्या पायावर कोसळली, आणि आता साहेब दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बसला होता.

सकाळी बाहेरच्या बाकावर कारकुनाने लंबूच्या बायकोला सांगितलं होतं, "वहिनी, मी सगळं खरं सांगणार. चूक माझी आहे. नोकरी गेली तर गेली. लंबूच्या हक्काचं बुडता कामा नये."

"आणि माझ्या भावाचं हो, भाऊसाहेब?"

"देव बघून घेईल."

"त्यानं बघितलंच की," ती म्हणाली. "दोघांनाही बघितलं."

साहेबाने पेनाचं टोपण काढलं. तो काही वाईट माणूस नव्हता, त्याला अजून चार दवाखाने गाठायचे होते. "हे बघा, दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तेव्हा कुणीतरी खोटं नाव लावलं. तसं असेल तर पैसे ज्याने घेतले त्याच्याकडून वसूल होतील, आणि ज्याने कागद केला तो आत जाईल. नाहीतर खोटं नाव आज लावलंय. तर मग हा अर्ज रद्द, विषय संपला. बोला."

कारकुनाने घसा खाकरला. "साहेब..." म्हणाला, आणि जीभ टाळ्याला चिकटली. त्याने पाण्याच्या जगकडे पाहिलं. बायकोने पेला भरून दिला. तो पाणी प्यायला. सावकाश प्यायला, घोट घोट, तळ दिसेपर्यंत. लंबू त्याच्याकडे बघत होता.

पेला रिकामा झाला तेव्हा लंबू बोलला.

"साहेब, यादीतला तो माणूस मी नव्हे. ज्याचा हात गेला, नाव त्याचं. मी याच हंगामात आलोय, चार दिवस झाले होते. त्याच्या नावावर कामाला लागलो. इथं दवाखान्यातही तेच सांगितलं. गरज होती, खोटं बोललो."

"मग तुमचं नाव काय?"

"यादीत नाही ते. लिहून काय करणार?"

साहेब बायकोकडे वळला. "बाई, हा नवरा ना तुमचा?"

"नवरा माझाच आहे," ती म्हणाली. "नावाचं मला विचारू नका." तिने लंबूच्या हातातला थंड झालेला चहा काढून घेतला.

साहेबाने शेवटी कारकुनाकडे पाहिलं. "यादी तुमच्या हातची आहे. हा म्हणतो ते खरं?"

लंबूने आता तोंड भिंतीकडे केलं होतं. सकाळपासून घोकलेली वाक्यं कारकुनाला शब्दन् शब्द आठवत होती. घसाही ओला झाला होता.

"खरं आहे, साहेब," तो म्हणाला, आणि सही कुठे करायची ते विचारलं.