उसना गडी

“हा घेऊन जा,” क्लाइड पेटिबोन म्हणाला आणि त्याने बाकावरच्या हॅल्वर ब्रेकेकडे बोट दाखवलं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाची दुपार होती आणि १९०७च्या मोसमातला अमेरिकन फुटबॉलचा शेवटचा सामना. मार्शफील्ड कॉलेजचा संघ गाडीतून उतरला तो दहाच जणांनिशी. अकरावा वाटेतच तापाने फणफणला होता. शेजारी वाटीभर साखर मागावी तसा त्यांच्या कप्तानाने एक गडी मागितला. मागितला की द्यायचा, अशी रीतच होती. क्लाइड यजमान वॉलनट क्रीक कॉलेजचा कप्तान. ज्याच्यावाचून आपलं काही अडणार नाही, असा गडी त्याने काढून दिला. वॉलनट क्रीक यंदा सहाच्या सहा सामने हरलं होतं, तरी हॅल्वरची अंगावरची घोंगडी टाकून मैदानात उतरायची पाळी आली नव्हती. आता आली ती अशी.

“बेताने खेळ हं लेका,” क्लाइड त्याच्या कानाशी पुटपुटला. “आपलाच आहेस तू.”

या संघात जागा मिळावी, एवढंच हॅल्वरला हवं होतं. अंग चोरून खेळलं तर सगळे खूश, आणि जीव तोडून खेळलं तर पुढच्या वर्षी तो बाकही नशिबी नाही. पण मार्शफील्डच्या कप्तानाने त्याला आपली लाल जर्सी दिली, दंडाला धरून आपल्याशेजारी नेलं आणि इथे उभा राहा म्हणून सांगितलं. वर्षभरात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मार्शफील्डने एका किकवर चार गुण मिळवले. मग दोन्हीकडून नुसती चिखलातली रेटारेटी चालली. सामना संपता संपता क्लाइड चेंडू काखेत मारून गर्दीतून सुटला. समोर गोलरेषा, ती ओलांडली की पाच गुण, आणि मध्ये एकटा हॅल्वर. क्लाइड त्याला पाहून चक्क हसला.

हॅल्वरने त्याच्या गुडघ्यांना मिठी मारली. दोघेही तोंडावर आपटले. चेंडू रेषेच्या हातभर अलीकडे राहिला आणि सामना संपल्याची शिट्टी झाली.

काठावरची वर्गातली पोरं त्याला घरभेदी म्हणाली. त्याला रडू येत होतं, पण आपण चुकलो असं काही केल्या वाटेना.

त्याचे कपडे व्यायामशाळेत होते आणि दार आतून बंद. वॉलनट क्रीकचा संघ पुढच्या वर्षीचा कप्तान निवडत होता. ते काम दार लावूनच चाले. नव्या कप्तानासह संघाचा फोटो काढायला फोटोवाला अंगणात तिकाटणं मांडून ताटकळत होता. हॅल्वर लाल जर्सीत कुडकुडत उभा राहिला. आतून त्याचं नाव दोन-तीनदा मोठ्याने ऐकू आलं. कुणीतरी टेबलावर मूठ आपटली. कपडे घ्यायचे आणि मुकाट्याने चालू लागायचं, असं त्याने ठरवलं.

दार उघडलं. क्लाइडचा ओठ चांगलाच सुजला होता.

“माझे कपडे तेवढे दे,” हॅल्वर म्हणाला.

“मी तुझा कप्तान, तरी मला सोडलं नाहीस. मग परक्यांना काय सोडणार आहेस?” क्लाइडने त्याला दंडाला धरून आत ओढलं. “ती लाल जर्सी आधी काढ. पुढच्या वर्षीचा कप्तान फोटोत असा दिसला तर लोक काय म्हणतील?”