उन्हातली काच

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शेवगावकडच्या रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फुटत होती. मनकर्णाबाईच्या ढिगाशेजारी कॉलेजच्या सरांनी ताटाएवढी काळी काच उन्हात मांडली आणि तिच्या तारा एका काट्याच्या डबीला जोडल्या.

"मावशी, ऊन पडलं की काचेखालच्या चकत्यांत वीज तयार होते. किती झाली, ते काटा दाखवतो."

"दुपारी तरी सावलीला घेता का तिला?"

"छे! दुपारी तर तिचं खरं काम."

मनकर्णाबाई पुन्हा खडीकडे वळली. हातोडा उचलताना खांद्यात उठलेली कळ तिने नेहमीसारखी गिळली.

लिंबाखाली जेवण उरकून सर परतले, तर काटा पार खाली पडलेला. मनकर्णाबाईच्या पाण्याच्या मडक्यावरचं ओलं गोणपाट काचेवर होतं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर चार खडे. आणि मडकं उन्हात उघडं.

"हे काय केलंत मावशी? सगळी वीज बंद पडली!"

"हात लावला तर चटका बसला वो," हातोडा न थांबवता ती म्हणाली. "बिचारीला तोंड न्हाई, सावली मागंल कशी? आमी तोंड असून मागून मागून दमलो."