दूधवाल्याचं गाणं

“डेस, ऊठ! आज नाही म्हणायचं नाही!” क्लबचा सेक्रेटरी मॅल्कम माइकवरून ओरडला आणि ओल्डमच्या कामगार क्लबातली सगळी मंडळी टेबलं बडवायला लागली. नॉरीन आणि डेसमंडच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. सँडविचं संपली होती. लोणच्यातले कांदे संपत आले होते. मटणाच्या मोठ्या तुकड्याची सोडत निघून तो नेहमीप्रमाणे मॅल्कमच्या मेहुणीलाच लागला होता. आता राहिलं होतं ते फक्त गाणं.

‘दूधवाल्याला सांग’ हे गावातल्या पाच पोरांच्या बँडचं, ‘द बार्जमेन’चं, एकुलतं एक गाजलेलं गाणं. डेस त्यांचा ड्रमवाला. सहासष्ट साली ते अख्ख्या इंग्लंडच्या तोंडी होतं. गायक तोंड उघडायच्या आधी त्यात ड्रमची एक सर येते. जिन्यावरून कुणी बटाट्यांचं पोतं सोडून द्यावं तशी, पण पक्की तालात. ओल्डममध्ये आजही कुणी ती बोटांनी टेबलावर वाजवली, की शेजारचा छाती फुगवून म्हणतो, “आमचा डेस!”

आमचा डेस मात्र ती कधीच वाजवत नसे. मुलीच्या लग्नात त्याचं मनगट मुरगळलं. नोकरीतून निवृत्त झाला त्या दिवशी खांदा धरला. नाताळच्या पार्टीला तर तो हाताला पट्टी बांधूनच यायचा, आणि एका वर्षी ती संध्याकाळभरात डाव्या हातावरून उजव्या हातावर गेली. लोकांनी तेही पोटात घातलं. मोठा कलावंत, त्यात स्वभावाने लाजाळू, असं सगळे म्हणायचे.

खरं काय ते बँडमधल्या पाच जणांना ठाऊक होतं आणि त्यांतले चौघे केव्हाच देवाघरी गेले होते. त्या काळी फोटो बँडच्या पोरांचे छापायचे आणि रेकॉर्डवर वाजवायला मात्र मुरलेला माणूस भाड्याने आणायचा, ही रीतच होती. मँचेस्टरच्या स्टुडिओत डेसने ती सर वाजवून पाहिली, पुन्हा वाजवून पाहिली. कंपनीचा साहेब गोड आवाजात म्हणाला, “बाळ, तू जरा चहा पिऊन ये.” त्याचा चहा होईपर्यंत सिडनी नावाचा एक अबोल, चष्मेवाला माणूस आला. त्याने कोट खुंटीला लावला, एका दमात सगळं वाजवलं आणि तो बसने घरी गेला. टीव्हीवर काय, रेकॉर्ड लावायची आणि सगळ्यांनी नुसते हात हलवायचे. त्या कामात डेसचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नाचाच्या हॉलमध्ये नॉरीन त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. “ते दूधवाल्याचं गाणं, त्यात ड्रम तूच वाजवलेत ना?” तिने विचारलं. “हो, मीच,” तो म्हणाला. इतकी देखणी मुलगी विचारतेय म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार? पुढे लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली, आणि त्या एवढ्याशा ‘हो’चं ओझं वाढतच गेलं. रेडिओवर गाणं लागलं, की नॉरीन आवाज मोठा करायची आणि त्याच्याकडे बघून हसायची. तो उठून चहा ठेवायला जायचा. ती ज्या ड्रमवाल्यावर भाळली तो आपण नव्हेच. तिला कळलं तर?

आज हाताला पट्टीही नव्हती. ती नॉरीनने सकाळीच धुवायला टाकली होती.

डेस उठला. मॅल्कमने त्याच्या हातात ड्रमच्या काठ्या कोंबल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन पावलं मंचाकडे टाकून तो थांबला. चार ठोक्यांत सगळं उघडं पडणार होतं. पडायचंच असेल, तर तिला ते आधी आपल्या तोंडून कळू दे, असं त्याच्या मनात आलं. तो मागे फिरला आणि तिच्या खुर्चीशी वाकला. नॉरीन ट्रायफलचं पुडिंग खात होती.

“नॉरीन, रागावू नकोस. ते मी वाजवलेलं नाही गं. रेकॉर्डवर दुसराच माणूस आहे.”

“सिडनी,” ती म्हणाली आणि तिने आणखी एक चमचा तोंडात घातला. “ठाऊक आहे मला.”

डेसच्या हातातली एक काठी खाली पडली. सगळ्या क्लबला वाटलं, म्हातारा मुद्दाम गंमत करतोय. मंडळी आणखीच चेकाळली.

“उचल ती आणि जा. खोळंबलेत सगळे,” नॉरीन म्हणाली. “वाईट वाजव, चुकीचं वाजव, पण एकदाचं वाजव बाबा. दर नाताळात ती पट्टी धुऊन धुऊन माझे हात दुखले.”

“पण तुला कुणी सांगितलं? त्याचं तर नावसुद्धा कुठे छापलं नव्हतं!”

नॉरीनने चमचा खाली ठेवला. त्याचा वाकडा झालेला टाय तिने सरळ केला. रेडिओ ऐकताना हसायची तशीच ती हसली.

“कुणी कशाला सांगायला हवं? ‘हो, मीच’ म्हणालास ना, तेव्हा सिडनीची साखरपुड्याची अंगठी होती माझ्या बोटात. दुसऱ्याच दिवशी त्याची त्याला परत देऊन आले.”