गोळीसाठी पेटी

पोरीला नेमबाजीच्या रेंजवर पाठवायला बायकोची अट होती: प्रथमोपचाराची पेटी हवी, आणि ती वापरता येणारं कोणीतरी सोबत. "मी आहे ना!" म्हणत मी दोघींना औषधांच्या दुकानात नेलं. "गोळीसाठी पेटी दाखवा." दुकानदाराने सोमवार ते रविवार असे कप्पे असलेली डबी पुढे केली. "अहो, बंदुकीची गोळी!" मी वैतागलो. "मग तसं सांगा की, काका." त्याने लाल पेटी उघडून रक्त थांबवायचा पट्टा काढला. "हा जखमेच्या वर करकचून आवळायचा. रक्ताची चिळकांडी उडाली तरी सोडायचा नाही." पुढचं ऐकूच आलं नाही. डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर आडवा होतो आणि पोर तोंडावर पाणी मारत होती. "तुझ्यासोबत मीच येते," बायको तिला म्हणाली. मग दुकानदाराकडे वळली. "पेटी बांधून द्या. माणूस बदलून मिळेल का?"