चारचा सपोर्ट

"कंपनीचं नाव झाकून चार्ट आणा. चार्ट स्वतःच बोलतो," असं परुळेकर सरांनी बजावलं होतं. म्हणून शेअरबाजाराच्या क्लासात खरातांनी चौकटीच्या कागदावर हातानं काढलेला चार्ट भीतभीत पुढे केला.

सरांचे डोळेच चमकले. त्यांनी लाल पेनानं तळाशी आडवी रेघ ओढली. "बघा, महिनाभरात चारच्या खाली एकदाही उतरलेला नाही! याला म्हणतात भक्कम सपोर्ट. इथं आला की बडे खेळाडू खरेदीला उतरतात आणि भाव उसळतो. डोळे मिटून घ्या!"

सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. खरातांना मात्र राहवेना.

"सर, ही आमच्या गावची पाण्याची टाकी आहे. पाणी चार फुटांवर आलं की मी पंप सुरू करतो."

सर चष्मा पुसत बसले. आता आपली हकालपट्टी होणार, म्हणून खरातांनी पिशवी आवरायला घेतली.

तेवढ्यात पंधरा दिवसांत ओळखसुद्धा न दाखवलेले क्लासातले वकीलसाहेब खुर्ची सरकवत त्यांच्या कानाशी लागले. "खरातसाहेब, कुणाला बोलणार नाही. उद्या पंप किती वाजता सुरू करताय?"