पंप चालू कधी झाला?

“पंप चालू कधी झाला?” लॉर्नाने तिसऱ्यांदा विचारलं.

“सांगितलं ना, डिसेंबरात.” मार्सेलने टोपी या हातातून त्या हातात घेतली. “बिलावर तारीख आहे की.”

“ते बिल विकत घेतल्याचं. गावच्या माणसाने येऊन तपासणी केली ती जानेवारीत. अहो, नियम सरळ आहे. एकतीस डिसेंबरच्या आत पंपाने घर गरम करायला सुरुवात केलेली हवी. एक दिवस उशीर झाला तरी करातली सूट गेली. पुढच्या वर्षी मागू म्हणाल तर योजनाच संपली.”

घोडं इथेच अडलं होतं. लाकडाच्या गिरणीत मार्सेलचे आठवड्यातले दोन दिवस कमी झाले होते, आणि पंपाचं कर्ज डोक्यावर होतं. हे दोन हजार डॉलर हाती आले तर निभणार होतं. नाहीतर पिकअप विकायची. आणि पिकअप कुणा गिऱ्हाइकासमोर उभी करायची, हा विचारच त्याला नको होता.

आतासुद्धा वाचनालयासमोर जागा असताना त्याने ती चर्चच्या मागे लावली होती. गाडी जुनी, पुढचा एक दिवा पिवळा पडलेला, दुसरा कोरा करकरीत. आपलं गाव सोडून तो मुद्दाम इतक्या लांबच्या वाचनालयात आला होता. गावात कराची मदत मागायला बसलं की सोमवारपर्यंत गिरणीभर होतं, आणि लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

इथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. दर शनिवारी फुकट कराचे फॉर्म भरून देणाऱ्या या बाईच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नुसतंच ‘लॉर्ना’ लिहिलेलं. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, पाठीवर कुणाचातरी करडा स्वेटर. दारावर नेहमीच्या नोटिशी: चर्चमध्ये बीन्सचं जेवण, हरवलेलं मांजर, धडक देऊन पळालेल्या गाडीची माहिती, कुणाचा तरी जुना पियानो विकणे.

“अगं लॉर्ना!” रांगेतून बर्नाडेट नावाची जाडजूड बाई ओरडली. “एका पंपाला इतका वेळ? आम्ही काय इथेच मुक्काम ठोकायचा?”

“डोनट खा, बर्नाडेट. यंदा एक माणूस कमी आहे, दिसतंय ना.”

बर्नाडेटची नजर त्या रिकाम्या खुर्चीकडे गेली आणि ती खाली बसली.

लॉर्ना पुन्हा मार्सेलकडे वळली. तिने त्याचा पत्ता वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“पंप चालू झाला तेव्हा तुम्ही स्वतः घरी होतात? सणाला माणसं बाहेरगावी जातात. कुणी मुलांकडे, कुणी बहिणीकडे.”

मार्सेलचे कान लाल झाले. खोटारड्याचे कान त्याच्या आधी बोलतात, असं त्याची आई म्हणायची. लॉर्ना त्या कानांकडेच बघत होती.

“तसं... आता नेमकं...”

“मग राहू द्या.” तिने कागद गोळा करून त्याच्यापुढे सरकवले. “खात्री नसेल तर मी भरत नाही. पुढचं कोण?”

बर्नाडेट पर्स सावरत उठलीसुद्धा. दोन हजार डॉलर मार्सेलच्या डोळ्यांदेखत चालले होते.

“थांबा!” त्याने कागदांवर हात ठेवला. आवाज खाली आणला. “चोवीस तारखेला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी. घरीच होतो मी, जातोय कुठे! कामगार दुपारी गेले. तपासणी होईपर्यंत हात लावू नका म्हणाले. पण एवढ्या थंडीत कोण थांबतंय? बघतो तर रिमोटला सेल नाहीत. मग गाडी काढली, दुकान बंद व्हायच्या आत सेल आणले आणि आल्या आल्या पंप सुरू केला.”

“त्या संध्याकाळी बर्फाचं वादळ होतं.”

“समोरचं दिसत नव्हतं.”

“तरी गाडी काढलीत?”

“मग काय, गारठून मरायचं?”

लॉर्नाचं पेन थांबलं. “हे झालं तुमचं तोंडचं. दुसऱ्या कुणाला माहीत आहे?”

मार्सेल पुन्हा कागद चाळू लागला. मग एकदम काहीतरी आठवलं आणि त्याने खिशातून फोन काढला. फोटोत स्टुलावर टाकलेले त्याचेच लोकरी मोजे घातलेले पाय, आणि वर भिंतीवर पांढरा पंप, हिरवा दिवा लागलेला. चोवीस डिसेंबर, संध्याकाळ. कनेक्टिकटच्या बहिणीला पाठवलेला. खाली तिचं उत्तर: ‘मजा आहे बुवा! इकडे आला असतास तर फुकटात ऊब मिळाली असती.’

“घ्या! खोटं वाटत होतं ना तुम्हाला? आईशपथ, अक्षर न् अक्षर खरं आहे.”

तिने फोन हातात घेतला. बराच वेळ बघितला.

“खरं आहे,” ती म्हणाली. “एक शब्दही खोटा नाही. सूट मिळेल. पूर्ण.”

मार्सेलच्या जिवात जीव आला. उगाच घाबरलो, बाई देवासारखी भेटली. हसत त्याने फोनसाठी हात पुढे केला.

लॉर्नाने फोन दिला नाही. शेजारच्या खुर्चीवरचा स्वेटर उचलून तिने मांडीवर घेतला.

“तुमच्या रस्त्यावरच्या सगळ्यांना पोलिसांनी विचारलं होतं, मार्सेल. एकच घर त्या संध्याकाळी बंद होतं म्हणे. मालकाने सांगितलं, मी कनेक्टिकटला होतो, बहिणीकडे.” तिचा आवाज जराही चढला नाही. “माझा नवरा तिथल्या एका म्हातारीला सणाचं जेवण पोचवायला गेला होता. त्याच्याजवळ बर्फात गाडीच्या दिव्याच्या काचा सापडल्या. पंपाचं कळलं. आता एवढंच सांगा, दिवा कधी बदललात?”