शेजारची बोट

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला व्हर्नाने एकदाची हिमनदी बघायची ठरवली. नवरा लाइल अलास्कातल्या स्यूअर्ड बंदरातून रोज पर्यटकांची बोट तिकडे नेणारा कप्तान, पण बाईंनी तिकीट काढलं शेजारच्या बोटीचं.

"गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस," लाइल धुसफुसला.

"बोट तुझीच चांगली आहे रे. पण तुझी बडबड मी घरी फुकट ऐकते."

दुपारी दोन्ही बोटी बर्फाच्या कड्यासमोर शेजारीशेजारी थांबल्या. व्हर्ना कठड्याला रेलून उभी होती, तोच लाइलच्या बोटीवरचा भोंगा खरखरला.

"मंडळी, देवमासा राहू द्या. उजवीकडच्या बोटीवर लाल टोपीतली बघा. एरवी माझ्या घरातच गुरगुरते, समुद्रावर आज पहिल्यांदाच दिसली आहे. फोटो काढा, पण लांबूनच."